नाव सांगा, गाव सांगा

आमच्या कॉलेजात जिन्याखालच्या खोलीत शिरताना माणसाला आपलं नाव आणि गाव मोठ्यानं सांगावं लागे. न सांगता पाऊल टाकलं की आतून खादरभाईंची हाक यायची, "आवाज द्या!" मग तुम्ही शिपाई असा, प्राचार्य असा, नाहीतर पाण्याचा जार ठेवायला आलेला माणूस.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला चांगलं समोरून पाहिलं होतं. आम्ही दोघं वर्षानुवर्षं एकाच कॉलेजात होतो. तरी म्हणाले, "आवाज द्या."

"अहो खादरभाई, मी!"

"मी तर समदेच असतेत. नाव?"

"देशमाने."

"गाव?"

गाव मी सांगितलं नाही. मराठीच्या प्राध्यापकानं स्वतःच्याच कॉलेजात गाव सांगत फिरावं, हे मला पटेना. खादरभाईंनी क्षणभर वाट पाहिली आणि आत वळून जाहीर केलं, "देशमाने सर आलेत. गाव न्हाई त्यांना."

आतल्या पोरी हसल्या. पुढे तीन वर्षं मी त्या खोलीत बिनगावाचाच वावरलो.

खोलीच्या दारावर 'दृष्टिबाधित विद्यार्थी संगणक साहाय्य कक्ष' अशी पाटी होती. पाटी दारापेक्षा रुंद होती. आत चार संगणक आणि एक स्कॅनर. पडद्यावर जे काही लिहिलेलं असेल ते हे संगणक वाचून दाखवत आणि अंध विद्यार्थी कानाला इअरफोन लावून ऐकत. या कक्षाचा मी समन्वयक होतो. समन्वयक नेमायची बैठक चालू असताना मी पाणी प्यायला बाहेर गेलो, एवढीच माझी पात्रता.

खादरभाई मूळचे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुणारे. बदली झाल्यावर त्यांनी संगणक शिकायला घेतला तो डोळ्यांना रुमाल बांधून. मी म्हटलं, "तुम्हाला दिसतं ना?" तर म्हणाले, "पडदा बघून कुणीबी चालवतंय, सर. पोरींना ज्या वाटंनं जायचंय, ती वाट मला ठाव नको?" दोन महिने ते खुर्च्यांना धडकत होते. तिसऱ्या महिन्यात संपूर्ण कीबोर्ड त्यांच्या बोटांत उतरला, आणि माउसला ते 'उंदीर' म्हणून हिणवू लागले. संगणकातल्या आवाजाला मात्र ते अदबीनं 'बाई' म्हणत. बाई एसटी स्टँडावरच्या घोषणेसारखं एकसुरी बोलायच्या आणि विरामचिन्हंसुद्धा वाचायच्या. वीज गेली की खादरभाई सांगत, "बाई नमाजला गेल्या."

एके दिवशी कार्यालयाचे अधीक्षक चारही पडदे उचलून घेऊन गेले. "आंधळ्यांना पडदे कशाला?" असा त्यांचा युक्तिवाद होता. आमच्या कार्यालयातून निघालेला हा एकमेव तर्कशुद्ध हुकूम. खादरभाईंनी स्वतः वायरी काढल्या. त्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या आणि कुलूप लावलं.

या खोलीवर सर्वांत जास्त हक्क होता महानंदाचा. ती देवणीची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. हॉस्टेलवर संगणक नाही, ब्रेलमध्ये पुस्तकं नाहीत. खादरभाई तिची पाठ्यपुस्तकं पानापानानं स्कॅन करायचे आणि ती ऐकायची. तिचं अख्खं ग्रंथालय या जिन्याखाली होतं.

तिची परीक्षा दीड महिन्यावर आली आणि प्राचार्यांची नोटीस निघाली. आता लातुरात खोली मोकळी दिसली की तिथं क्लास सुरू होतो, हे मी वेगळं सांगायला नको. आमच्या गावात एका चौकात जेवढे गुणवंतांचे फोटो लागतात, तेवढे गुणवंत एका जिल्ह्यात जन्मत असतील यावर माझा विश्वास नाही. प्राचार्यांनी प्रवेश परीक्षेच्या एका बॅचला आमचा कक्ष एक तारखेपासून देऊन टाकला. आमची पर्यायी व्यवस्था 'यथावकाश' होणार होती. आमच्या सायकल स्टँडचं छप्परही यथावकाश होणार होतं. तिथं आता चिंचेचं झाड आहे.

समन्वयक या नात्यानं मी नोटिशीवर 'पाहिले' असं लिहून सही केली. खादरभाईंनी ती कार्यालयातून पेन ड्राइव्हवर मागून आणली.

"कशाला?" मी विचारलं.

"ज्यांची खोली, त्यांनी वाचाय नको?"

महानंदानं ती ऐकली. दोनदा ऐकली. मग एवढंच म्हणाली, "मामा, चार पुस्तकं राहिलीत."

"बस, वाच," खादरभाई म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी तपासणी समिती येणार होती. सकाळी अधीक्षकांनी चारही पडदे धावतपळत परत आणून मांडले. वायरींचं त्यांना सुचलं नाही आणि खादरभाईंनी आठवण करून दिली नाही. दुपारी प्राचार्य समितीच्या अध्यक्षांना घेऊन दबक्या पावलांनी आत आले. देवळात यावं तसे.

"आवाज द्या!"

प्राचार्य कुजबुजले, "खादर, समितीचे अध्यक्ष आहेत."

"असू द्या की. ह्या पोरींना कसं कळंल? नाव?"

अध्यक्षांनी चष्मा सावरला. कुणाला नाव सांगायची वेळ त्यांच्यावर बऱ्याच वर्षांत आली नसावी. त्यांनी पदव्यांसकट सांगितलं.

"गाव?"

प्राचार्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण अध्यक्ष म्हणाले, "मूळ गाव तसं... उदगीरजवळ."

"मंग तुमी आमच्याकडलेच की, सर!" महानंदा आवाजाच्या दिशेनं वळून म्हणाली. अध्यक्ष चक्क हसले. मग समोर बघून त्यांनी विचारलं, "पण पडदे तर काळे आहेत. संगणक बंद का?"

"चालू हायत, साहेब. ऐका."

आणि खादरभाईंनी महानंदाच्या संगणकातून इअरफोनची वायर उपटली.

बाई खड्या आवाजात बोलू लागल्या. "सदर कक्ष एक तारखेपासून प्रवेश परीक्षा वर्गास देण्यात येत आहे पूर्णविराम. विद्यार्थ्यांची पर्यायी व्यवस्था यथावकाश करण्यात येईल पूर्णविराम. प्राचार्य."

"जुना मसुदा आहे तो," प्राचार्य घाईनं म्हणाले.

"दिनांक," बाई म्हणाल्या, आणि कालची तारीख वाचली.

बॅच सभागृहात गेली. खोली राहिली. मी नंतर खादरभाईंना विचारलं, हे मुद्दाम केलंत ना? ते गंभीरपणे म्हणाले, "मी काय केलं, सर? बाई वाचायल्या होत्या. मी निस्ती वायर काढली."

त्यांच्या 'आवाज द्या'चा उगम मला त्यांनी कधी सांगितला नाही. महानंदाला सांगितला होता. शेवटचा पेपर देऊन निरोप घ्यायला आली तेव्हा ती मला म्हणाली, "सर, भूकंप झाला तवा मामा लातुरात डाळमिलवर कामाला होते. गावाकडं पोचले तर घर न्हाई, गल्ली न्हाई. लोक ढिगाऱ्यावर उभं राहून 'आवाज द्या, आवाज द्या' म्हणायचे आन् कान लावायचे. ज्यानं आवाज दिला, तो सापडला. मामी मुळातच कमी बोलायची म्हणं."



सुटी लागल्यावर एका दुपारी काही कागद घ्यायला मी जिन्याखाली गेलो. कॉलेज रिकामं होतं. दार अर्धवट उघडं. खादरभाई महानंदाच्या खुर्चीत डबा उघडून बसले होते. पडद्याला आता वायर जोडलेली होती, पण त्यावर त्यांनी फडकं टाकलं होतं. त्यांनी एक ओळ टाइप केली आणि बटण दाबलं.

"खाना खाये क्या प्रश्नचिन्ह," बाई म्हणाल्या. तोच एसटी स्टँडावरचा एकसुरी आवाज.

"हाव," खादरभाई म्हणाले. "खाके लेतूं."

भाकरीचा तुकडा मोडला. थोड्या वेळानं पुन्हा बटण दाबलं.

"खाना खाये क्या प्रश्नचिन्ह."

"हाव, हाव. खा रा हूं."

मी तसाच मागं फिरलो. व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलो. तिथून चपला वाजवत, खाकरत परत आलो आणि दाराबाहेर थांबलो. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"आवाज द्या!"

मी नाव सांगितलं. मग गाव सांगितलं.