ओव्हाळांची पाणबुडी

जेवण उरकल्यावर हरिचंद्र ओव्हाळांनी फोनचा रिसीव्हर उचलला आणि शेजारच्या उशीवर आडवा ठेवून दिला. दर रविवारी दुपारी नागपूरहून त्यांच्या मुलीचा, मीनलचा फोन यायचा. मागचे दोन रविवार तो आला नव्हता. दोन्ही वेळा ओव्हाळ अंधार पडेपर्यंत फोनजवळच्या खुर्चीत बसून राहिले होते. न्हाणीघरात गेले तेही दार उघडं ठेवून. आज वाट बघायचीच नाही, असं त्यांनी ठरवलं. रिसीव्हर काढून ठेवला की फोन वाजत नाही म्हणून वाईट वाटायला जागाच उरत नाही.

मग ते कॉम्प्युटरसमोर बसले. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीतून सुपरवायझर म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी बदलापूरला, खरवईत, नव्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, आणि वर्षाच्या आत त्यांची बायको द्रौपदी गेली. मजल्यावरच्या बाकी दारांना अजून कुलपंच होती. जावयाने आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला, आणि तो दुरुस्त करताना उल्हासनगरच्या दुकानदाराने त्यात पाणबुडीचा एक गेम टाकून दिला. "अंकल, टाइमपास आहे. एकदम रियल."

ओव्हाळांनी तो शब्द मनावर घेतला. गेममध्ये अवघड-सोपं ठरवायची बटणं होती, ती त्यांनी सगळी अवघडकडे सरकवली. त्यांची पाणबुडी डिझेलची होती. डिझेलला हवा लागते, म्हणून पाण्याखाली सगळं बॅटरीवर. जोरात पळवली की बॅटरी संपते, बॅटरी संपली की वर यावं लागतं, आणि वर येऊन इंजिन सुरू केलं की धडधड ऐकून शत्रू धावत येतो. थोडक्यात, जिवंत राहायचं तर खोल जाऊन गप्प पडून राहायचं. हे ओव्हाळांना चटकन जमलं. वेळ भरभर पळवायचीही सोय होती, पण ती त्यांना लबाडी वाटायची. पाणबुडीतल्या माणसांनी तीन तास दम धरायचा आणि आपण तीन मिनिटांत मोकळं व्हायचं, हे बरोबर नाही.

आज डोक्यावर विनाशिका, म्हणजे पाणबुड्या शोधून बुडवणारं शत्रूचं जहाज, होती. तिच्या पंख्याची घरघर नीट ऐकू यावी म्हणून त्यांनी कानाला हेडफोन लावले. खाली कुणाच्या तरी लग्नाच्या हळदीचा बँजो वाजत होता, म्हणून खिडक्या लावल्या. स्क्रीनवर उजेड पडत होता, म्हणून पडदे ओढले. तरी छताच्या पंख्याची खडखड येत होती. तोही बंद केला. मे महिना होता. घामाच्या धारा लागल्या, पण पाणबुडीतही पंखे बंदच असतात या विचाराने त्यांना उलट बरं वाटलं.

तासाभराने पहिला धक्का बसला. धप्. धप्. खुर्चीसुद्धा हादरली. वरून बॉम्ब पडतायत हे ओळखून ओव्हाळांनी पाणबुडी आणखी खोल नेली. धक्के वाढले. स्क्रीनवर विनाशिका तशी लांबच दिसत होती, तरी बॉम्ब अगदी पाठीमागे फुटत होते. एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये हे लोक काय काय करून ठेवतात याचं त्यांना खरंच कौतुक वाटलं.

पाठीमागे, म्हणजे दाराबाहेर, तळमजल्यावरची कुंदा उभी होती. मीनलने दुपारपासून फोन लावून पाहिला होता. दर वेळी एंगेज. शेवटी घाबरून तिने कुंदाकडे फोन केला. कुंदाने वर येऊन बेल दाबली. बेल कित्येक महिने बंद पडलेली होती. वाजवणारं कुणी नसल्यामुळे ओव्हाळांनाही ते माहीत नव्हतं. मग तिने दार बडवलं. मागोमाग तिची सासू भिमाबाई धापा टाकत आली, आणि बिल्डिंगचा वॉचमन, वांगणीचा किसन आला.

"साहेब भायेर गेलेलं नाय," किसन म्हणाला. "मी सकाळधरनं खालीच हाय."

"पंख्याचा पण आवाज नाही येत," कुंदा म्हणाली.

"मग बघतोस काय? पहार आन," भिमाबाई म्हणाल्या.

तिसऱ्या दणक्याला कडी उखडली आणि एक बिजागरी चौकटीतून निघून आली. आत काळोख. कोपऱ्यात हिरवा उजेड, आणि त्यात बनियनवर, घामाने निथळणारे ओव्हाळ. त्यांनी मान वळवली आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. वर जहाज आहे."

किसनने छताकडे पाहिलं. "वर पान्याची टाकी हाय, साहेब."

"गरमी डोक्यात गेलीय," भिमाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "कांदा आना."

कुंदाने पंखा लावला, खिडक्या उघडल्या, आणि उशीवरचा रिसीव्हर जागेवर ठेवला. ठेवते न ठेवते तोच फोन वाजला. ओव्हाळांनी हेडफोन काढून तो उचलला.

"पप्पा," मीनलचा आवाज फाटला होता. "मी तिकीट काढायला निघाले होते."

"मागचे दोन रविवार..." ओव्हाळ म्हणाले.

"आमची लाइन डेड होती. दारासमोर खोदलंय इथे. मला वाटलं, तुम्ही आमच्या शेजाऱ्यांकडे फोन करून चौकशी कराल."

हे त्यांना सुचलंच नव्हतं. बोलता बोलता त्यांची नजर स्क्रीनवर गेली. समुद्र मोकळा होता. विनाशिका कधीच निघून गेली होती. त्यांना कुणी शोधतच नव्हतं.

मोडलेलं दार भिंतीला टेकवून ठेवलं. सुतार बुधवारी येणार होता. सोमवारी भिमाबाई "हिकडं वारं चांगलं येतं" म्हणून तांदूळ निवडायला येऊन बसल्या. घरात माणूस आहे की नाही हे बघायला किसन दोनदा डोकावला आणि दोन्ही वेळा चहा पिऊन गेला. मंगळवारी कुंदाचा नवरा शंकरराव कामावरून परतताना सरळ आत आला, कॉम्प्युटरसमोर बसला, आणि पाणबुडी बुडवून गेला.

बुधवारी सकाळी सुताराने चौकट ठोकून पाहिली. "तासाभराचं काम आहे, काका. आत्ताच बसवून टाकतो."

भिमाबाईंनी तांदळाचं सूप बाजूला सरकवून त्याला जागा करून दिली.

"इतकी घाई नाही," ओव्हाळ म्हणाले. "लाकूड जरा फुगलंय. पुढच्या आठवड्यात बघू."

सुताराने दारावरून हात फिरवला. मे महिन्यात लाकूड कसं फुगेल, हे त्याला कळेना.