गायकवाडांचा उत्तर करेलिया

आमच्या आणि गायकवाडांच्या बागेमधल्या कुंपणावर एक पिवळी पाटी आहे. तिच्यावर शुद्ध मराठीत लिहिलंय, 'सीमाक्षेत्र. परवान्याशिवाय प्रवेश नाही.' लंडनच्या हॅरोमधल्या आमच्या रस्त्यावर मराठी वाचता येणारी घरं दोनच, एक त्यांचं आणि एक आमचं. तेव्हा ही पाटी नेमकी कुणासाठी लावली असेल ते तुम्हीच ठरवा.

एकदा माझी वाळत घातलेली ओढणी उडून त्यांच्या बागेत पडली. मी हाक मारली. गायकवाडांनी खिडकी उघडली, "वहिनी, कारण आणि कालावधी?" एवढं विचारलं आणि खिडकी लावून घेतली. मला वाटलं, गंमत करतायत. पाच मिनिटांनी आमच्या लेटरबॉक्समधून एक कागद आत पडला. 'कारण : ओढणी. कालावधी : दहा मिनिटं. फोटो काढण्यास मनाई.' खाली तारीख आणि सही. मी मुकाट्याने तो कागद हातात धरून गेले आणि ओढणी घेऊन आले. आता आमच्या ड्रॉवरमध्ये असे चाळीसेक परवाने साठलेत.

गायकवाड हे मूळचे नागपूरचे, निवृत्त इलेक्ट्रिकल इंजिनिअर, वय वर्षं एकाहत्तर. त्यांना वेड आहे उत्तर करेलियाचं. घाबरू नका, मलाही आधी तो एखादा आजार वाटला होता. हा फिनलंडमधला एक प्रांत आहे, अगदी पूर्वेला, रशियाच्या सीमेला चिकटलेला. तिथे झाडं आणि तळी भरपूर, माणसं नावाला. सीमेलगत पिवळ्या खुणा लावलेला पट्टा आहे आणि त्यात परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. ही सगळी माहिती मला हवी होती म्हणून मिळालेली नाही. भाजी आणायला निघालेल्या माणसाला फुटपाथवर गाठून ती दिली जाते.

तिथली माणसं फार कमी बोलतात, हा गायकवाडांचा सगळ्यात आवडता मुद्दा. तो ते पाऊण तास बोलून समजावतात. "करेलियात काय म्हणतात वहिनी? काम असेल तर बोला, नाहीतर बसा." असं तिथे खरंच कुणी म्हणतं का, हे विचारायची सोय नाही. हा नियम त्यांनी इथल्या मराठी मंडळाच्या मीटिंगमध्येही मांडला. ज्याला काही सांगायचं नाही त्याने बोलू नये, इतकंच. झालं, मीटिंग अकरा मिनिटांत आटोपली. बटाटेवडे यायला अजून तास होता. इतकी माणसं एकमेकांकडे बघत बसलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती. आमचे सेक्रेटरी देशमुख अजून त्या दिवसाचं नाव काढलं की पाणी मागतात.

तिथे म्हणे बस स्टॉपवर माणसं एकमेकांपासून चांगली लांब उभी राहतात. गायकवाडही तसेच उभे राहतात, तेही स्टॉपपासून लांब. मग बस त्यांना न घेताच निघून जाते. त्याचं त्यांना काही वाटत नाही, उलट ड्रायव्हर समजूतदार होता म्हणतात. तिथे जंगलातली फळं कुणीही तोडावीत असा कायदा आहे. त्याचा आधार घेऊन त्यांनी कोपऱ्यावरच्या पटेलांच्या कुंपणावरची ब्लॅकबेरी भांडंभर तोडून आणली. पटेलांनी जाब विचारला तर त्यांना कायदा ऐकवला. आणि स्वतःच्या कुंपणावर पिवळी पाटी! मी हे बोलून दाखवलं तेव्हा म्हणाले, "सीमेचं वेगळं असतं."

खाण्याचं तर विचारूच नका. राय नावाच्या तिकडच्या धान्याच्या पिठाची पातळ पारी लाटायची, तिच्यात गुरगुट्या भात भरायचा, कडांना करंजीसारखी मुरड घालायची आणि भाजायचं. वर उकडलेलं अंडं लोण्यात कुस्करून. भाकरीत भात! माझ्या नवऱ्याने, सुधीरने, पहिल्यांदा खाल्लं तेव्हा, 'आता पोळीत पोळी भरा म्हणजे झालं,' असं म्हणून चार खाल्ली. मीही खाते. चांगलं लागतं, पण त्यांना सांगू नका, नाहीतर रोज येईल.

आता एवढं पुराण सांगणारा माणूस तिथे किती वर्षं राहिला असेल? आठ दिवस. सहा वर्षांपूर्वी, तेही बायकोच्या हट्टाखातर.

त्यांची बायको सुनंदाताई. मिडवाइफ होत्या. त्यांच्याबरोबर इर्मा नावाची एक फिनिश मिडवाइफ होती, ती निवृत्त होऊन गावी गेली आणि तिने दोघांना बोलावलं. ते आठ दिवस गायकवाडांनी नुसती कुरकुर केली. सुनंदाताई मला कुंपणापाशी उभ्या राहून सांगायच्या आणि हसून हसून डोळे पुसायच्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गायकवाड म्हणाले होते, "दोन दिवसांत तीन माणसं दिसली, त्यातली एक तू."

सुनंदाताईंना दिशांचं ज्ञान अजिबात नव्हतं. तीस वर्षं एकाच घरात राहून बसमधून एक स्टॉप पुढे उतरायच्या. कितीदा तरी आमच्याच दाराला किल्ली लावून 'कुलूप बिघडलं वाटतं' म्हणत उभ्या असायच्या. मी दार उघडलं की मला म्हणायच्या, 'अगं, तू इथे कशी?' बाळंतिणींच्या घरी मात्र वेळेवर पोचायच्या, कारण गायकवाड फोनवरून डावीकडे, उजवीकडे सांगत असायचे. ऑफिसात ते काम कधी करायचे देव जाणे.

तर अशा या बाई करेलियाच्या जंगलात ब्लूबेरी तोडत तोडत हरवल्या. फोन लागेना. गायकवाड दोन तास हाका मारत फिरले. विचारणार कुणाला, माणूसच नाही! शेवटी झाडांतून एक म्हातारा आला, मागून सुनंदाताई, हातात भांडं भरलेलं. म्हाताऱ्याने त्यांना गायकवाडांसमोर उभं केलं, मान हलवली आणि आला तसा निघून गेला. "एक शब्द नाही वहिनी. नुसती आणून सोडली." ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली असेल. तिथली माणसं कशी आहेत याचा दाखला म्हणून ते ती सांगतात.

परत आल्यावर सुनंदाताईंनी गार्डन सेंटरमधून पाइनचं रोप आणलं आणि बाजूच्या गेटापाशी लावलं. मुख्य दार सोडून त्या नेहमी त्याच गेटाने यायच्या. झाड आलं की वळायचं, अशी त्यांनी खूण ठरवली होती. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या, फार पटकन गेल्या. वेड त्यानंतरचं आहे. आठ दिवस कुरकुर करणारा माणूस रातोरात त्या प्रांताचा राजदूत झाला. खरं सांगते, आम्ही सगळे हसायचो. मी सगळ्यात जास्त.

या मे महिन्यात सुनंदाताईंच्या दुसऱ्या स्मृतिदिनाला इर्मा आली. उंच, पांढरे केस, दिवसाला साधारण सहा वाक्यं. तिने पाइन पाहिला आणि म्हणाली, आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी कार्सिक्को करतात. वाटेवरच्या झाडाच्या खालच्या फांद्या कापतात आणि खोडावर नाव आणि साल कोरतात. झालं! गायकवाडांना आणखी काय हवं होतं? त्यांनी रविवारी सगळ्यांना बोलावलं, सुधीरकडून करवत आणि पटाशी नेली. भात भरलेल्या साठ भाकऱ्या करायला अर्थातच मला बसवलं. जनतेसाठी सीमा दुपारी दोन ते चार खुली राहील, असा परवाना मंडळाच्या ग्रुपवर आला.

रविवारी पंधरा-वीस माणसं जमली. आधी बुद्धवंदना झाली. मग गायकवाड झाडापाशी वाकले, सगळ्यात खालच्या फांदीला करवत लावली आणि आम्हाला कार्सिक्कोचं महत्त्व सांगू लागले. देशमुखांना मीटिंगचा सूड उगवायचा असावा. त्यांनी मध्येच इर्माला विचारलं, पण नाव कोरायचं कशासाठी?

इर्मा म्हणाली, "जुनी समजूत आहे. मेलेलं माणूस स्मशानातून घरी यायला निघतं. वाटेत झाडावर स्वतःचं नाव वाचतं. आपण मेलो हे त्याला कळतं आणि ते मागे फिरतं."

गायकवाडांचा हात थांबला. मग ते सरळ झाले, करवत भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाले, भाकऱ्या गार होतायत, खाऊन घ्या. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. देशमुखांनी लगेच त्यांची पाठ थोपटली, बरोबर केलंत, असल्या अंधश्रद्धा आपण पाळायच्याच नाहीत. गायकवाडांनी मान हलवली. तीन वाजून पाच मिनिटांनी सीमा बंद झाली.

दुसऱ्या दिवशी इर्मा गेली. सुधीर म्हणाला, माझी पटाशी आण. मी रीतसर परवाना मागवला. 'कारण : पटाशी. कालावधी : दहा मिनिटं.'

गायकवाड बागेतल्या बाकावर बसले होते, पाइनकडे तोंड करून. पटाशी पुसून, कापडात गुंडाळून तयार ठेवली होती. मी माझ्या सवयीने सुरू झाले, बाई, एवढा घाट घातला, माझ्याकडून साठ भाकऱ्या करून घेतल्या, आणि ऐनवेळी काय झालं तुम्हाला? तसंही तुम्ही आत्माबित्मा मानत नाही.

"नाहीच मानत," ते म्हणाले. "काऊन मानू? गेलेलं माणूस परत येत नाही, हे मला चांगलं माहीत आहे."

मग पटाशी माझ्या हातात दिली. मला वाटलं, संपलं.

"पण वहिनी, जन्मभर मी तिला घरचा रस्ता सांगितला. आता तिच्याच झाडावर मागे फिर म्हणून लिहू?"

शंभर वेळा ऐकलेली ती जंगलातली गोष्ट मला त्या क्षणी पहिल्यांदा कळली. त्या म्हाताऱ्याने तिला परत आणून सोडलं होतं. तो प्रांत त्यांना आवडणार नाही तर काय होईल? आणि मी दोन वर्षं फिदीफिदी हसत होते. मला माझीच लाज वाटली.

गायकवाडांनी घड्याळ बघितलं. "दहा मिनिटं झाली."

"वाढवून मिळेल का?"

त्यांनी खिशातून पेन काढलं, माझ्या हातातला परवाना घेतला आणि गुडघ्यावर ठेवला. "कारण?"

"काही नाही. काहीच काम नाही."

त्यांनी तसंच लिहिलं. सही केली. मग बाकावर थोडं सरकून जागा केली.

"मग बसा," म्हणाले.

सुनंदाताई मला रेडिओ म्हणायच्या. त्या दिवशी मी पाऊण तास बसले आणि एक शब्द बोलले नाही.