योर्मा विचार करतोय

"यंदा माझ्यासारखा धीराचा माणूस अख्ख्या फिनलंडात सापडणार नाही!" आउलिसने छातीवर हात मारून सांगितलं, आणि त्याच दमात तो ओव्हनवर खेकसला, "अगं, या पावांना भाजायला किती वेळ लागतोय! सरपण घालायचंय का?"

 रायली चर्चमधलं स्तोत्र गुणगुणत होती. नवऱ्याने बढाई मारली की ती नेहमीच स्तोत्र गुणगुणायची. बढाई मोठी असली तर कडवी वाढायची.

आउलिस गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर शिकाऊ पोरांच्या शेजारी बसून, जादा ब्रेकवर पाय ठेवून, "हळू बाळा, हळू" म्हणायचं. इतका ब्रेक दाबून माणूस घरी आला की पत्त्यांत सगळा अ‍ॅक्सिलरेटरच! हातात दुर्री-तिर्री आली तरी हा गडी पैजेला लावायच्या सोंगट्यांची सगळी रास ढकलून मोकळा. कीर्तनाला उभ्या राहिलेल्या बुवांनी नमन व्हायच्या आधीच भैरवी घ्यावी, तसा त्याचा खेळ. जमलेली मंडळी आ वासून बघणार आणि आउलिस उपरणं सावरत घरी!

आणि खेळ साधासुधा नव्हता. पैशांचं म्हणाल तर माणशी पन्नास सेंट, त्यात कॉफीसुद्धा येत नाही. पण त्या चिल्लरीमागे रायलीच्या माहेरची तळ्याकाठची लाकडी कुटी होती. वारस तिघं, कुटी एक, आणि युहान्नुस हा जूनमधला सूर्य न मावळण्याचा सणही वर्षातून एकदाच. त्या आठवड्यात कुटी कुणाची, यावरून तीन भावंडं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. ती तशीही फारशी बोलत नसत, त्यामुळे हे कळायलाच दोन उन्हाळे गेले. मग आईने, म्हणजे हेल्वीबाईंनी, तोडगा काढला. मे महिन्यात एका रविवारी सगळ्यांनी आपापल्या घरून संगणकावर पोकर खेळायचा. जिंकेल त्याचा युहान्नुस. "आणि मीही खेळणार," म्हातारी म्हणाली. "कुटी अजून माझ्या नावावर आहे."

रायलीला पत्त्यांना हात लावणं पाप वाटे. नवऱ्याने लावला तर चाले.

दर वर्षी आउलिस सगळ्यांत आधी बाहेर. दर वर्षी युहान्नुस कुओपिओ शहरातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत, दोन कुंड्यांच्या मधे. यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. युहान्नुसच्या आदल्या दिवशी रायलीला साठ वर्षं पुरी होत होती.

"मला काही भेट नको," ती म्हणाली होती. "त्या दिवशी सौनाच्या गरम वाफेतून निघून थेट आमच्या तळ्यात उडी मारायची आहे. लहानपणी मारायचे तशी. बस."

तीस वर्षांच्या संसारात बाईने एवढं मोठं वाक्य बोलून मागितलेली ही पहिलीच गोष्ट.  आउलिसने पोकरवरची पुस्तकं वाचली. सगळ्या पुस्तकांचं सार एकच निघालं: धीर धर, आणि वेळ आली की झडप घाल.

"झडप येते मला," तो म्हणाला. "अर्धं झालंच की!"

"उरलेलं अर्धं मी बघते," रायली म्हणाली. तिने एका पिवळ्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात 'थांब' लिहिलं आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात चिकटवलं.

खेळ सुरू झाला. चौघं खेळाडू: आउलिस, सासूबाई, रायलीची थोरली बहीण इर्मेली आणि धाकटा भाऊ योर्मा. पडद्यावर गप्पांसाठी एक चौकट होती. इतक्या वर्षांत तिच्यात एकच शब्द उमटला होता, तो म्हणजे योर्माचा 'नमस्कार'. तो दारू पिऊन बसलाय असं तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं.

पहिला हात आला. भिकार! आउलिसची बोटं वळवळली. त्याने चिठ्ठी पाहिली, पत्ते टाकले. दुसरा हात, तोही भिकार. टाकला.

"रायली, बघितलंस? टाकले!"

"बघितलं."

"हाताला घाम सुटलाय गं. मी कॉफी टाकतो. हात गुंतलेले बरे."

कॉफीचं यंत्र त्याने मुद्दाम संगणकाशेजारी आणलं. वायर खोचायला जागा नव्हती, म्हणून कसली तरी एक वायर काढून तिथे खोचली. यंत्र गुरगुरायला लागलं. आउलिस वळून बसला, आणि काय सांगू! हातात दोन एक्के!

त्याच्या डोळ्यांसमोर तळं चमकलं. पण आधी योर्माची पाळी होती. योर्माच्या नावाभोवती पिवळं कडं होतं. योर्मा विचार करत होता.

"करू दे," आउलिस पुटपुटला. "मलाही वेळ आहे."

कॉफी झाली. पिऊन झाली. योर्मा विचार करतोय.

"हा माझा अंत बघतोय," आउलिस म्हणाला. "त्याला वाटतंय दाजी चिडणार, उठणार, काहीतरी बडबडणार. हॅ! ते दाजी गेले!"

"फोन करून विचार ना त्याला," रायली म्हणाली.

"फोन?" आउलिसने अंगावर पाल पडल्यासारखं पाहिलं. "माणूस विचार करत असताना? आपण काय रानटी आहोत?"

रायलीलाही ते पटलं. माहेरच्या माणसाने कधी उत्तर दिलं नाही म्हणून कुणी या घराण्यात आजवर चौकशी केलेली नव्हती. तिचे वडील एकदा जेवताना गप्प झाले ते दोन दिवसांनी बोलले, "बटाटे चांगले होते."

तेव्हा आउलिस बसला. बटाटे सोलले. रायलीची लोकर गुंडाळून दिली. बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घातलं. येऊन बघावं तर योर्मा विचार करतोय! आउलिसच्या चेहऱ्यावर आता एक अलौकिक शांती पसरली. चार तास निरूपण ऐकून मांडी न बदलणाऱ्या श्रोत्यासारखा तो दिसू लागला.

"रायली, मला आतून काहीतरी उमगतंय. घाई म्हणजे भीती गं! मी आयुष्यभर भ्यायलो."

रायलीने विणकाम खाली ठेवलं. नवऱ्याला आतून काही उमगतंय म्हटल्यावर तिला काळजी वाटली.

"आउलिस, योर्माने लग्न करतानासुद्धा एवढा विचार केला नव्हता," ती म्हणाली, आणि पुढे होऊन तिने पिवळी चिठ्ठी उपटली.

चिठ्ठीखाली लाल अक्षरं होती: 'संपर्क तुटला आहे.'

रायलीने अक्षरांकडे पाहिलं. मग भिंतीकडे. मग लोंबकळणाऱ्या वायरीकडे. मग कॉफीच्या यंत्राकडे.

"इंटरनेटचा डबा बंद करून तू कॉफी केलीस?"

"मला काय माहीत तो कसला डबा आहे! नुसते दिवे लुकलुकतात!"

तिने वायर पुन्हा खोचली. दिवे लागले. पडदा थरथरला. दोन एक्के गेले, योर्मा गेला, इर्मेलीही गेली! मेजावर उरल्या सासूबाई, सोंगट्यांच्या डोंगरामागे, आणि आउलिस, मूठभर सोंगट्यांनिशी. तो नसताना संगणक इमानदारीने त्याची पाळी आली की पत्ते टाकत होता, आणि तेवढ्या वेळात बाकीचे तिघं एकमेकांवर तुटून पडले होते.

"मी दुसरा आलो!" आउलिस किंचाळला. "आयुष्यात कधी दुसरा आलो नव्हतो!"

"दुसऱ्याला तळं मिळत नाही," रायली म्हणाली.  "आणि सोंगट्या संपत आल्यात. मार आता!"

"पण धीर..."

"धीर झाला तेवढा पुरे! गिअर टाक!"

हातात होती सत्ती आणि दुर्री. याहून दळभद्री हात पोकरमध्ये नाही. आउलिसने डोळे मिटले आणि सगळी मूठ पुढे ढकलली.

सासूबाईंनी पत्ते टाकले!

पुढचा हात, चौकी आणि तिर्री. ढकलली. सासूबाईंनी टाकले! पुन्हा ढकलली, पुन्हा टाकले! डोंगर खचत गेला, मूठ टेकडी झाली. आउलिसला काही कळेना. रायलीने दोन्ही हात जोडले होते आणि स्तोत्राचं सहावं कडवं चाललं होतं. एका हाताला मात्र म्हातारीने ओठ आवळले असावेत. तिने उरलासुरला सगळा डोंगर पुढे लोटला, आणि नेमके त्याच वेळी आउलिसच्या हातात खरोखरीचे दोन राजे होते. देव आहे, मंडळी!

पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उडाले. रायलीने नवऱ्याच्या टकलाचा मुका घेतला. असं दिवसाढवळ्या या घरात कधी घडलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई!

"जावईबापू," म्हातारी म्हणाली. "अख्खी दुपार तुम्ही एक हात खेळला नाहीत."

 "नाही, आई."

"इर्मेलीने बोली वाढवून डिवचलं, योर्माने डिवचलं. तुम्ही ढिम्म! मग शेवटी तुम्ही ढकलायला लागलात तेव्हा मी म्हटलं, असा माणूस एक्क्यांशिवाय ढकलणार नाही. माझा अठ्ठ्यांचा जोड मी टाकला हो! आपल्या घराण्यात असा सोशिक माणूस झाला नव्हता."

खरं सांगावं, असं आउलिसच्या मनात आलं. त्याने कॉफीच्या यंत्राकडे पाहिलं. यंत्र काही बोललं नाही, मग तोही बोलला नाही.

"तेव्हा आम्ही ठरवलंय," म्हातारी पुढे म्हणाली. "रायलीची साठी. तुमच्यासारख्या माणसाला गर्दीचा काय त्रास! आम्ही सगळेच येतो. इर्मेलीची माणसं, योर्माची माणसं, त्याचे कुत्रे."

आउलिसला झडप घालायची होती. तोंड उघडलं, हवा आत घेतली.

"या," तो म्हणाला.

युहान्नुसच्या आदल्या दिवशी रायली आपल्या आईचा हात धरून सौनातून निघाली, शेवाळलेल्या फळ्यांवरून धावली आणि साठ वर्षांची बाई किंकाळी फोडत तळ्यात पडली. मागून म्हातारीही! पाणी धक्क्यापर्यंत उडालं.

आउलिस हे सगळं रांगेतून बघत होता. सौनात एका वेळी चौघं मावत, आणि पुढे इर्मेलीचं खटलं होतं. कमरेला टॉवेल, हातात सौनात अंगावर झोडायची बर्चच्या पानांची जुडी, आणि अंगावर डास. डासांचा खेळ मात्र अगदी आक्रमक होता. पाठीवर एकेक चापटी मारत त्याने आशेने पुढे पाहिलं. नेमका दरवाजा उघडला. आउलिस पुढे सरसावला.

योर्मा बाजूने आला, कुत्र्यासकट, आणि आत शिरताना त्याने आउलिसचा खांदा प्रेमाने थोपटला.

"आम्ही जरा आधी जातो हं, दाजी. आम्हाला नाही तुमच्यासारखं थांबता येत."