पाण्यात पाहणे

"हे काय आहे?" बायकोनं दारातच विचारलं. सोफ्यावर तरंगायच्या चार वस्तू ऐसपैस बसल्या होत्या आणि माणसांना जागाच उरली नव्हती.

"टिकलीच्या जिवाची सोय," लिफ्ट तपासनीस धापा टाकत म्हणाले. फुगवायचं होतं तेवढं सगळं त्यांनी तोंडानंच फुगवलं होतं.

टिकली म्हणजे त्यांची सात वर्षांची लेक. रविवारी आईबरोबर होडीतून जायचं, डोळ्यांवर मास्क, तोंडात श्वासाची नळी, आणि पाण्यावर पालथं पडून खालचे मासे बघायचे, असा तिचा बेत होता. त्यासाठी पोहण्याच्या तलावावर सराव चालू होता. पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी चिठ्ठी दिली होती: 'कमरेला फोमचा पट्टा. एक.'

एक! बावीस वर्षं लिफ्टचे दोर तपासणाऱ्या माणसाला हा आकडा पटेल कसा? लिफ्टवर 'आठ माणसे' लिहिलेलं असतं, पण दोर ऐंशींना पुरून उरतात. दुकानदारानं मुलीचं वजन विचारलं, तेव्हा त्यांनी बावीसचे सरळ दोनशे वीस केले.

"साहेब," दुकानदार म्हणाला, "पोहायला मुलगी जाणारे की म्हैस?"

तरीही पट्टा, दंडावरचे फुगे, गळ्यापर्यंत येणारं कडं आणि वर बोटीवरचं जाड नारिंगी जाकीट घेऊनच ते घरी आले. खरी गोम वेगळीच होती. तपासनीसांना पोहता येत नव्हतं. बायकोला हे माहीत होतं, टिकलीला नव्हतं. तिच्या लेखी बाबाला सगळंच यायचं. पोर बुडायला लागली, तर हा बाबा काठावरून नुसता ओरडणार, दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टिकली तलावात उतरली. उतरली कसली, बुचासारखी वर राहिली. तिनं पालथं व्हायला अंग टाकलं की जाकीट तिला उलटं करून उताणं पाडायचं. पुन्हा पालथी, पुन्हा उताणी.

"छताला सतरा दिवे आहेत," नळीतून आवाज आला. "एक बंद आहे."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, बुडणाऱ्याचं तोंड वर करायलाच बनवलंय ते जाकीट! हिला खाली बघायचंय."

"म्हणजे जाकीट चोख आहे," तपासनीस अभिमानानं म्हणाले.

टिकलीनं नळी थुंकून टाकली आणि भोकाड पसरलं. "बाबा मला पाण्यात बघूच देत नाही! स्वतः मात्र बघतो! आत्या म्हणाली, तू वरच्या मजल्यावरच्या काकांना पाण्यात बघतोस. रोज बघतोस! मग मी का नाही?"

दैव असं द्वाड, की वरच्या मजल्यावरचे काका शेजारच्याच लेनमध्ये पोहत होते. आठ माणसांच्या लिफ्टमध्ये रोज नववे घुसणारे ते हेच. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"असं का?" काका म्हणाले. "मग या की आत! लांबून कशाला पाहताय?"

तपासनीसांचे कान तापले. "मला... मला पोहता येत नाही," ते पुटपुटले. तलावातले आवाज घुमतात, त्यामुळे ते सगळ्यांनाच ऐकू गेलं.

टिकलीचं रडणं तिथेच थांबलं. ती बापाकडे बघतच राहिली. तपासनीसांना वाटलं, संपलं, आता पोरीच्या नजरेतून आपण उतरलो. पण तिनं दंडावरचे फुगे ओढून काढले, कड्यातून बाहेर आली, बाईंच्या मदतीनं जाकीट सोडलं आणि सगळं काठाकडे ढकललं.

"बाबा, तू घाल. मला पट्टा पुरतो."

छातीभर पाण्यात, गळ्याशी कडं अडकवून तपासनीस उतरले. एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला काका. "दंड धरलाय मी, सोडणार नाही," काका म्हणाले. टिकलीनं बाबाचं बोट घट्ट धरलं. आजवर तिला रस्ता ओलांडून देताना ते असंच बोट धरायचे.

"घाबरू नकोस हं, बाबा. तीन म्हटलं की कडं काढायचं आणि तोंड आत."

तीन झाले. तपासनीसांनी उसना मास्क लावून तोंड पाण्यात घातलं. समोर टिकली होती, पालथी, निवांत, केस पसरलेले, डोळे बशीएवढे. ती त्यांच्याकडे बघून हात हलवत होती. एका पट्ट्यावर पोर छान तरंगत होती. तपासनीसांचे डोळे भरून आले, पण पाण्यात ते कोणाला दिसणार?

परतताना इमारतीची लिफ्ट आठ माणसांनी भरली. दाराशी काका ओल्या केसांनी उभे राहिले.

"या," तपासनीस आत सरकत म्हणाले. "टिकलीला अर्धीच धरू."

दार लागलं. कोपऱ्यातल्या आजींनी विचारलं, "काय गं, बाबाबरोबर कुठे गेली होतीस?"

"आजी, मी आणि बाबा आता एकमेकांना पाण्यात पाहतो!"

आजींनी कळवळून तपासनीसांकडे पाहिलं.

"हो ना," तपासनीस लेकीचं बोट धरून म्हणाले. "रोज, पाच ते सहा."