फिंटनचा नारळ

"या रविवारी फिंटनला नारळ द्यायचा म्हणजे द्यायचा!" जेवता जेवता पुरुषोत्तमरावांनी जाहीर केलं, आणि नात ईशाचा घास हातातच राहिला.

फिंटन हा आयर्लंडच्या ॲडम्सटाउनमधल्या मुलांचा हर्लिंगचा कोच. काठीनं चेंडू हवेत हाणायच्या या खेळात त्यानं एके काळी काउंटीकडून मैदानं गाजवली होती. अशा माणसाचा मराठी मंडळात सत्कार करायचाच, असं पुरुषोत्तमरावांनी पुण्याहून मुलाकडे आल्यापासून मनात घेतलं होतं. दर शनिवारी मैदानाच्या कडेला उभं राहून "डावा कोपर वर!" असे क्रिकेटचे सल्लेही ते फुकट देत. फिंटन बिचारा "ग्रँड", म्हणजे तिथल्या बोलीत "बरं, ठीक", म्हणून ऐकून घेई.

ईशाला मात्र नारळाचा एकच अर्थ ठाऊक होता. मागच्याच महिन्यात तिच्या बाबाच्या ऑफिसात काही जणांना नारळ मिळाला, तेव्हा आजोबांनीच तिला समजावलं होतं, "नारळ दिला म्हणजे कामावरून काढलं." दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला तिनं डोळे पुसत ही बातमी नारळाच्या अर्थासकट कोचच्या कानावर घातली.

दुपारी सूनबाई फोन घेऊन धावत आली. "बाबा, फिंटननं टीम सोडली! ग्रुपवर मेसेज आलाय. उद्याही येत नाहीये."

"येत नाही म्हणजे? हॉल बुक झालाय! नारळ घेतल्याशिवाय कसा जातो, बघतोच."

नारळ घेऊन ते तडक फिंटनच्या दारात गेले. खिडकीचा पडदा सरकला, आणि नारळ दिसताच पुन्हा बंद झाला. पण पुरुषोत्तमराव हटणाऱ्यातले नव्हते. पत्रं टाकायच्या फटीला तोंड लावून ते ओरडले, "मिस्टर फिंटन! होल कम्युनिटी वाँट्स टू गिव्ह यू कोकोनट!"

आत काहीतरी धाडकन पडलं.

"आजोबा, स्टॉप!" मागून आलेली ईशा रडकुंडीला आली होती. "यू सेड कोकोनट मीन्स ही'ज सॅक्ड!"

पुरुषोत्तमरावांना आयर्लंडच्या थंडीत घाम फुटला. "अगं, शालीबरोबर दिला तर सत्कार, नुसता दिला तर डच्चू! सांग त्याला, लवकर सांग!"

ईशानं फटीतून सांगितलं. दार उघडलं. फिंटनचे डोळे ओले होते.

"पंधरा वर्षं खेळलो," तो आपल्या इंग्रजीत हळूच म्हणाला, "आणि काउंटीनं एका फोनवर घरी बसवलं. शाल राहू दे, साधा नारळही कोणी आणला नाही."

पुरुषोत्तमरावांना भडभडून आलं. रविवारी त्यांनी स्वतःच्या हातानं त्याच्या खांद्यावर शाल घातली, नारळ दिला, आणि हॉल टाळ्यांनी दणाणला. फिंटननं टीम सोडायचा विचारही सोडला.

पुढच्या शनिवारी पुरुषोत्तमराव दुप्पट जोमानं मैदानावर हजर. "फ्रंट फूटवर ये! अगं ईशा, फ्रंट फूट!"

खेळ थांबवून फिंटन त्यांच्याकडे आला आणि दोन्ही हातांनी अदबीनं त्यानं एक नारळ पुढे केला.

"अरे, माझा कसला सत्कार!" असं म्हणत भारावलेल्या पुरुषोत्तमरावांनी नारळ घेतला आणि शालीसाठी मान खाली वाकवली.

"ग्रँड," म्हणून फिंटन मुलांकडे परत गेला. पुरुषोत्तमराव बराच वेळ तसेच वाकून उभे होते. शाल काही आली नाही.