घुंगरमाळ परत करण्याचा विहित नमुना

कागद पुरेसा जुना झाला की त्यावरची तक्रार आपोआप मऊ पडते, हे कार्यालयीन शास्त्रातलं पहिलं सत्य आहे. माणसाचंही तसंच होतं, फक्त त्याला थोडा जास्त वेळ लागतो.

भोरच्या जगन सोनबा ओव्हाळांना हे सत्य कुणी शिकवलं नव्हतं. एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी करून त्यांनी ते स्वहस्ते सिद्ध केलं होतं. (कचेरी कोणती, हे सांगून उपयोग नाही. आतून सगळ्यांच्या भिंती एकाच रंगाच्या असतात.) गावोगावचे लोक त्यांना भाऊसाहेब म्हणत. २००४ साली ते निवृत्त झाले, आणि भाजीला काय आणू असं बायकोने विचारलं की "लेखी दे" म्हणू लागले. अक्काबाईंनी महिनाभर सोसलं. मग पिशवी त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, "बाहीर जावा. कुठंबी जावा."

ते गेले ते एस.टी. स्टँडमागे, फौजियाच्या इंटरनेटच्या दुकानात. फौजिया बी.कॉम. झालेली, दोन कॉम्प्युटर आणि एका थकलेल्या इन्व्हर्टरच्या जोरावर अख्खं भोर जगाशी जोडून ठेवणारी बाई. तिनेच त्यांना धंदा सुचवला.

"काका, वेल्ह्याकडं आता टिलर आले. बैलांच्या घुंगरमाळा घरोघरी खुंटीला पडून आहेत. फॉरेनचे लोक त्या विकत घेऊन दाराला टांगतात."

"बैल नसताना?"

"बैल नसतानाच."

भाऊसाहेबांना या उत्तरातला प्रशासकीय दर्जा आवडला. वेल्ह्याच्या चंद्राबाई घरोघर फिरून माळा गोळा करू लागल्या, फौजिया फोटो काढून एका परदेशी वेबसाइटवर चढवू लागली आणि भाऊसाहेब पार्सलावर इतक्या सुंदर अक्षरात पत्ता घालू लागले, की एका जर्मन बाईंनी माळ कपाटात ठेवली आणि वेष्टण फ्रेम करून भिंतीवर लावलं. वर्षभरात एकवीस माळा गेल्या. तक्रारी शून्य. दुकानाच्या नावापुढे शंभर टक्के समाधानाचा हिरवा तारा उगवला. (कचेरीत हेच प्रमाण चार टक्के होतं, आणि ते चार जण चुकून आलेले होते.)

बाविसावी माळ कॅनडात, विनिपेगच्या डेरेक नावाच्या गृहस्थांकडे गेली. त्यांनी आधी कळवलं, की पार्सल मिळालं नाही. मग कळवलं, की मिळालं, पण माळेच्या चामड्याला बैलाचा वास येतो. तिसऱ्या पत्रात मुद्दा उघड झाला. माळ दाराला टांगल्यापासून त्यांचा कुत्रा दाराकडे तोंड करून बसला होता. वासावरून त्याची खात्री झाली होती, की बैल येणार आहे. तो येईपर्यंत जेवायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. सबब, माळेचे पैसे परत मिळावेत, कुत्र्याच्या डॉक्टरची फी मिळावी, आणि माळ तेवढी राहू द्यावी, कारण ती दाराला शोभते.

"काका, पैसे देऊन टाका. असले गिऱ्हाईक तारा घालवतात," फौजिया म्हणाली.

"अर्ज आलाय. अर्जावर कार्यवाही होईल," भाऊसाहेब म्हणाले. किती दिवसांनी त्यांच्या गालांवर रंग आला होता. त्यांनी फाईल उघडली, आवक क्रमांक दिला आणि उत्तर सांगितलं. फौजियाने ते जमेल तसं इंग्रजीत केलं.

"विषय: कुत्र्याने अन्नत्याग केल्याबाबत. आपणास कळविण्यात येते की, आपला अर्ज विहित नमुन्यात नसल्याने विचारात घेता येत नाही. सोबत पुढील कागद जोडावेत. एक, कुत्रा आपलाच असल्याचा पुरावा. दोन, दोन शेजाऱ्यांसमक्ष केलेला वासाचा पंचनामा. तीन, माळ आल्यापासून कुत्रा जेवलेला नाही, असा दाखला. सर्व प्रती साक्षांकित असाव्यात. बैल येणार असल्याचे कुत्र्यास कोणी सांगितले, याचाही खुलासा व्हावा."

डेरेकचं उत्तर आलं, ते सगळं मोठ्या अक्षरांत.

"काका, तो ओरडतोय."

"ओरडू दे. ओरडणं नमुन्यात बसत नाही."

डेरेक मग पैशांची देवघेव सांभाळणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीकडे गेले, आणि कंपनीने भाऊसाहेबांचं अख्खं खातं गोठवलं. एका माळेचं नव्हे, सगळ्याच माळांचं. त्यात वेल्ह्याकडच्या अठरा घरांचे पैसे होते. चंद्राबाईंनी तर त्या भरवशावर घरावर टाकायचे पत्रे सांगून ठेवले होते.

कंपनीच्या पत्राची सुरुवात अशी होती: "आपण आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचे आहात." भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. "काय वाक्य आहे! चौतीस वर्षांत मला सुचलं नाही." दुसऱ्या दिवशी तेच पत्र किंबर्ली यांच्या सहीने आलं, तिसऱ्या दिवशी जॉशुआ यांच्या. रोज नवा अधिकारी! रोज बदली! अर्जदाराला एकच माणूस दोनदा भेटू द्यायचा नाही, ही कल्पना इतकी उच्च होती, की भाऊसाहेब दोन दिवस कौतुकातच राहिले.

मग कंपनीने कागद मागितले.

त्यांनी मतदार ओळखपत्र पाठवलं. त्यावर जगन, बँकेत जगन्नाथ. परत. त्यांनी प्रत पुन्हा काढून पाठवली. अस्पष्ट. परत. तिसऱ्यांदा पाठवताना लोडशेडिंग सुरू झालं आणि अर्धेच भाऊसाहेब कॅलिफोर्नियाला पोचले. परत. घराचं वीजबिल वडिलांच्या, म्हणजे सोनबांच्या नावाने होतं. त्यावर कंपनीने नम्रपणे कळवलं, की बिलावरील व्यक्तीने स्वतः संपर्क साधावा. सोनबांना जाऊन पंचवीस वर्षं झाली होती, आणि हयातीतही त्यांनी कुणाशी आपणहून संपर्क साधला नव्हता.

भाऊसाहेबांच्या छातीत काहीतरी अडकल्यासारखं होऊ लागलं. बोलताना आवाज आपोआप खाली जाई. फौजियाच्या दुकानात शिरताना ते चपला बाहेर काढू लागले. अक्काबाईंनी ओवा दिला, आल्याचा चहा दिला. गुण आला नाही, कारण तो गॅस नव्हता. ते अर्जदार झाले होते.

अशात एका सकाळी वेल्ह्याच्या एस.टी.ने चंद्राबाई आल्या.

"भाऊसाब, पैसं कवा येत्याल? पत्रंवाला घरी येऊन बसतोय."

भाऊसाहेबांनी सगळं सांगितलं. नाव जुळत नाही, प्रत दिसत नाही, माणूस रोज वेगळा. चंद्राबाई मात्र पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

"असंच असतंय की! तुमच्या टेबलाम्होरं म्या अकरा येळा आले व्हते. बाराव्या येळी काय केलं, आठवतंय का?"

भाऊसाहेबांना आठवत नव्हतं.

"तितंच बसकन मारली आन भाकरीचं फडकं सोडलं. लसणाची चटणी, कांदा बुक्कीनं फोडला. सगळ्या कचेरीत वास. एक शबुद बोलले न्हाई. चौथ्या दिशी तुमीच म्हनलात, बाई, ह्यो घ्या कागद आन जावा."

"पण इंटरनेटवर भाकरी कशी सोडायची?"

"ते ह्या पोरीला इचारा. म्या येवढंच सांगते. भांडायचं न्हाई, रडायचं न्हाई. रोज जायाचं आन बसायचं."

त्या दिवसापासून, वीज असेल त्या वेळी, भाऊसाहेब कंपनीला रोज एकच ओळ पाठवू लागले: "मी बसलो आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढे जोडलं: "आज मेथी आहे." कंपनीने विचारलं, मेथी हे दस्तऐवजाचं नाव आहे काय? उत्तर गेलं: "मी बसलो आहे. आज पिठलं आहे." पाचव्या दिवशी पिठल्यासाठी कंपनीत वेगळा क्रमांक पडला. नवव्या दिवशी जॉशुआ यांनी, कंपनीच्या इतिहासात प्रथमच, स्वतःच्या शब्दांत विचारलं, की आपण नक्की कुठे बसला आहात? उत्तर गेलं: "इथेच. आज वांगं आहे." चौदाव्या दिवशी किंबर्ली यांचं पत्र आलं. त्यात "महत्त्वाचे" हा शब्द नव्हता. दोनच शब्द होते: "कृपया उठा." त्याखाली पैसे मोकळे झाल्याची सूचना.

फौजियाने खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या आणि इन्व्हर्टर बंद पडला.

विनिपेगला तोवर निराळाच प्रकार घडला होता. कंपनीनेही पुरावा मागितला होता आणि पंचनाम्यासाठी दोन शेजारी हवेत, म्हणून डेरेक नाइलाजाने शेजारी गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. शेजाऱ्यांनी माळेचा रीतसर वास घेतला, एका दातांच्या डॉक्टरांनी प्रती साक्षांकित केल्या, आणि एवढी मंडळी जमलीच आहेत म्हणून कुणीतरी अंगणात शेगडी पेटवली. सह्या चालू असताना कुत्रा उठला आणि दुसऱ्या पंचाच्या ताटातलं सगळं खाऊन पुन्हा दाराशी जाऊन बसला. डेरेक प्रामाणिक निघाले. तिसरा दाखला आता खोटा ठरतो, सबब तक्रार मागे घेतो, असं त्यांनी कळवलं आणि शेजाऱ्यांसाठी आणखी दोन माळा मागवल्या. वासासकट.

भाऊसाहेबांनी फाईलवर "दप्तरी दाखल" असा शेरा मारला. सोमवारी चंद्राबाई पैसे न्यायला आल्या. अठरा घरांचा हिशेब त्यांनी कमरेच्या पिशवीत घातला, चहा घेतला आणि लगबगीने उठल्या.

"इतक्या लवकर? परतीच्या एस.टी.ला वेळ आहे."

"कचेरीत जायाचंय. सोमवारी बसती म्या तितं."

"पण तुमचा कागद तर तेव्हाच मिळाला."

"मिळाला की. नाव चुकलं त्यावर. चंद्राबाईच्या जागी चंद्रभान लिवलंय. सात वर्सं झाली. कचेरी म्हनती, चंद्रभानला घेऊन या." त्या थांबल्या. "अक्षर मात्र लई सुंदर हाय, भाऊसाब. मोत्यावानी."

भाऊसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग आत गेले आणि अक्काबाईंना म्हणाले, "दोन भाकऱ्या जास्त बांध." हे त्यांनी तोंडी सांगितलं.

त्यानंतर दर सोमवारी दोघं कचेरीच्या व्हरांड्यात, पायरीजवळ, भाकरी सोडून बसतात. तुम्ही त्यांना पाहिलेलं आहे. जिन्याच्या वाटेतच बसतात म्हणून तुम्ही कपाळाला आठी घातलीत, पाय उंच उचलून चटणी ओलांडलीत आणि आत गेलात. तुमचं काम तातडीचं होतं, आणि आतला साहेब तुमच्या ओळखीचा होता.