गोलरक्षकाने एकही गोल केला नाही

हँडबॉलच्या संघात सोळा खेळाडू असतात, ही गोष्ट अखिल राष्ट्रीय हँडबॉल उत्कर्ष महासंघाला पहिल्यापासूनच खटकत होती. आशियाई क्रीडास्पर्धेला जाणाऱ्या महिला पथकासाठी वीस जागा मंजूर झाल्या होत्या. त्यातल्या सोळा खेळाडूंनीच अडवल्या, तर उरलेल्या चारांत महासंघाने मावायचं कसं? अखेर व्यापक राष्ट्रहित लक्षात घेऊन खेळाडूसंख्येचं सुसूत्रीकरण करण्यात आलं. अकरा खेळाडू आणि नऊ पदाधिकारी असं पथक ठरलं. मैदानात एका वेळी सातच जणी उतरतात, तेव्हा चार जणी तशाही जास्तीच्याच आहेत, असं आदेशात सौजन्याने नमूद केलं होतं.

गळालेल्या पाच जणींत राखीव गोलरक्षक होती. फिजिओचीही जागा गेली. तिथे 'निरीक्षक (हवामान)' या पदावर पथकप्रमुख विक्रमसिंह यांचे मेहुणे आले. सामने बंदिस्त सभागृहात होते, ही बाब नियुक्तीच्या आड आली नाही.

आता संघात एकच गोलरक्षक उरली. स्मृती काटकर. ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीत राहणारी. तिचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दख्खनेतून आले आणि इथलेच झाले. वडील कान्होजी एका सरकारी कचेरीत साहेबांची गाडी चालवून निवृत्त झाले होते.

स्मृतीने शिबिरातून घरी फोन केला. "पापा, दुसऱ्या कीपरला ड्रॉप कर दिया. मला काही झालं तर गोलमध्ये कोण उभं राहणार?"

"साहेबांना विचारलंस का?"

"विचारलं ना. म्हणाले, तुला काही होऊ द्यायचं नाही, ये आपकी ज़िम्मेदारी है."

असा हा संघ स्पर्धेत उतरला आणि, कोणाचीही पूर्वपरवानगी न घेता, चांगला खेळू लागला. गटातले सामने जिंकला, उपांत्य फेरीत हरला आणि कांस्यपदकाच्या सामन्यापर्यंत येऊन पोचला. ही वेळ येईल अशी महासंघाला कल्पनाच नव्हती. त्यामुळे त्या दिवशी पदाधिकाऱ्यांनी स्थानिक बाजारपेठेचा अभ्यासदौरा आधीच ठरवून टाकला होता. नवांपैकी सभागृहात एकच व्यक्ती होती, प्रशिक्षक निवेदिता. नवांपैकी हँडबॉल पूर्वी पाहिलेली व्यक्तीही तीच.

सामना संपायला अकरा मिनिटं होती आणि भारत तीन गोलांनी पुढे होता, तेव्हा जवळून मारलेला एक चेंडू स्मृतीच्या उजव्या हातावर आदळला. मधलं बोट मागे वळलं. निवेदिताने औषधांची पेटी उघडली, तर तिच्यात निरीक्षकांनी घेतलेले सुगंधी साबण नीट रचून ठेवले होते. वर खोकी बांधायची चिकटपट्टी होती. त्याच पट्टीने तिने स्मृतीची दोन बोटं एकत्र बांधली.

"उभी राहशील?"

"दूसरा कौन है, मॅम?"

स्मृती उभी राहिली. त्या अकरा मिनिटांत तिने सहा चेंडू अडवले; जे सुटले, त्यांनी सामना बरोबरीत आणला. अखेरचा चेंडू शेवटच्या सेकंदाला आला, बांधलेल्या हाताला घासला आणि आत गेला. सव्वीस-सत्तावीस. चौथा क्रमांक.

संध्याकाळी विक्रमसिंह पिशव्या घेऊन परतले. मुली जिन्यात बसल्या होत्या. रडून झालं होतं.

"जीत गए?" त्यांनी विचारलं.

"एका गोलने हरलो, सर."

"बस एक?" विक्रमसिंहांना खरोखर नवल वाटलं. "तो वो भी रोक लेतीं."

देशात परतल्यावर पराभवाची चौकशी करण्यासाठी एकसदस्यीय समिती नेमण्यात आली. सदस्य होते अंबरीश चिटणीस. त्यांच्या घराण्याने दरबारची पत्रं लिहिण्यात पिढ्या घालवल्या होत्या, आणि स्वतः अंबरीशरावांनी निवृत्तीपर्यंत सतरा चौकशा कोणालाही न दुखावता पार पाडल्या होत्या. त्यांनी स्मृतीला थाटीपुरच्या विश्रामगृहात बोलावलं आणि अत्यंत मायेने खुर्ची पुढे केली.

"बसा, बाळ. हा तुमचा जबाब. खाली सही करायची."

"मी तर अजून काही बोललेच नाही, सर."

"म्हणूनच तयार ठेवला. तुम्हाला उगाच तसदी नको."

स्मृतीने वाचलं. 'माझे बोट स्पर्धेपूर्वी घरगुती कामात दुखावले होते. ही बाब मी महासंघापासून लपवून ठेवली. त्याबद्दल मी दिलगीर आहे.'

"पण हे झूठ आहे. बोट मॅचमध्ये तुटलं. फिजिओ असता तर..."

"खरं-खोटं हा समितीचा विषय नाही," अंबरीशराव शांतपणे म्हणाले. "जबाबदारी निश्चित करणं, एवढाच आहे. सही केलीत, तर पुढच्या शिबिराच्या यादीत तुमचं नाव राहील. महासंघ मोठ्या मनाचा आहे. नाही केलीत, तर शिस्तीचा प्रश्न उभा राहील. उद्या सांगा."

घरी आईने, लीलाताईंनी, कागद वाचला आणि लेकीसमोर ठेवला. "करून टाक बेटा. चौदा वर्षं त्या मैदानात घातलीस. एका कागदाने काय होतं?"

कान्होजी म्हणाले, "साहेब स्वतः गाडी चालवायचे आणि ठोकायचे. तीन वेळा मी माझ्या नावावर घेतलं. दर वेळी साहेब हेच म्हणायचे, कान्होजी, एका कागदाने काय होतं. मी खराब ड्रायव्हर नव्हतो, लीला. पण माझी फाइल वाच. त्यात मी खराबच ड्रायव्हर आहे."

लीलाताईंनी कागद उचलून घेतला आणि पुन्हा सहीचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्मृतीने तो सही न करता परत केला. सहीच्या जागी तिने लिहिलं होतं, 'फिजिओ कुठे होता?'

अहवाल महिनाभरात आला. भाषा निर्दोष होती. 'संबंधित गोलरक्षकाने संपूर्ण स्पर्धेत एकही गोल केलेला नाही. तिच्या उपस्थितीत मात्र भारतावर एकशे सदतीस गोल झाले. समितीने असेही बारकाईने पाहिले की, हरलेल्या प्रत्येक सामन्यात खेळाडू मैदानावर हजर होते. याउलट प्रशिक्षक वगळता एकही पदाधिकारी कोणत्याही पराभवाच्या वेळी उपस्थित नव्हता. पराभवाचे मूळ कोठे आहे, हे सुज्ञांस सांगणे न लगे.' सबब, गोलरक्षक आणि प्रशिक्षक यांना शिस्तभंगाबद्दल वगळावे, आणि पुढील स्पर्धेत खेळाडूंचा सहभाग शून्यावर आणण्याचा प्रयोग करावा, अशी शिफारस होती.

लोकशाही संकेतांना अनुसरून अहवाल महिनाभर संकेतस्थळावर हरकतींसाठी ठेवला गेला. एकशे चाळीस कोटींच्या देशातून दोनच हरकती आल्या, एक स्मृतीची आणि एक निवेदिताची. दोघीही शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र असल्याने त्या विचारात घेता आल्या नाहीत.

चार वर्षांनी पुढच्या स्पर्धेला वीस जणांचं पथक गेलं. वीसही पदाधिकारी. उद्घाटनाच्या संचलनात पावलं थोडी चुकली, पण गणवेश उत्तम होते. संघ एकही सामना हरला नाही. संघावर एकही गोल झाला नाही. महासंघाने पत्रक काढलं: 'इतिहासात प्रथमच अपराजित.' दुपारपर्यंत ही बातमी सगळीकडे झाली, आणि 'अपराजित' या शब्दापुढे वाचण्याची गरज कोणाला वाटली नाही.

विक्रमसिंह ग्वाल्हेरला आले त्या दिवशी दाल बाज़ारात उघडी जीप निघाली. ढोल होते, फुलं होती, पेढे होते. स्मृती आता एका शाळेत खेळ शिकवत होती. ती मुलींसाठी शिट्ट्या घ्यायला आली होती आणि गर्दीत अडकली.

"मॅडम, ज़रा साइड में हो जाइए," एक दुकानदार हात जोडून म्हणाला. "टीम आ रही है."

ती बाजूला झाली.

घरी येऊन तिने महासंघाने टाकलेला फोटो पाहिला. झेंड्याखाली निळे कोट घातलेले वीस जण हसत होते. त्याखाली तिने एकच वाक्य लिहिलं: 'यात खेळाडू कोण आहे?'

तासाभरात तीनशे बारा उत्तरं आली. ती तिने कान्होजींना वाचून दाखवली. 'देशद्रोही.' 'जलती क्यों हो?' 'आधी तुम्ही देशासाठी काय केलंत ते सांगा.'

कान्होजींनी सगळं ऐकून घेतलं. "आणि खेळाडू कोण, ते कोणी सांगितलं?"

"नाही, पापा."

तो फोटो तुम्हीही पाहिला होतात. तिचा प्रश्न अगदी वरच होता. तुम्ही तो वाचलात, अंगठ्याने वर सरकवलात, आणि खाली मोकळी जागा पाहून 'अभिनंदन' लिहिलंत.